घरात विष, घरातच उतारा

विषाला उतारा हवा आणि तो वेळेवर हवा, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. साप-विंचवाच्या मुलखात वाढलेल्या कोणालाही ते माहीत असते. पण आपल्या मनात या दोन गोष्टींची घरे वेगळी असतात. विष सापाजवळ, उतारा वैद्याजवळ. आज ज्या जिवाविषयी मी बोलणार आहे, तो मात्र दोन्ही गोष्टी स्वतःच्याच घरात, एकाच फडताळात शेजारी शेजारी ठेवतो. विष तोच तयार करतो, उताराही तोच तयार करतो आणि उतारा संपला तर त्या विषाने मरतोही तोच. हा जीव म्हणजे जीवाणू, ज्याला आपण बॅक्टेरिया म्हणतो. शास्त्रज्ञ या जोडीला टॉक्सिन-अँटिटॉक्सिन म्हणतात. उर्दूत मी जहर आणि तिर्याक म्हणालो असतो. आज आपण तिला विष-उताऱ्याची जोडी म्हणू.

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन आणि विज्ञानाशी माझी सोयरीक वाचनापुरतीच. तरी या विषयात गुंतलो, त्याचे एक कारण म्हणजे एक शब्द. तो पुढे येईल. दुसरे कारण रोजच्या जगण्यातले आहे. आमच्या वस्तीत क्षयाच्या गोळ्या घेणारा कोणी ना कोणी नेहमी असतो. महिन्या-दोन महिन्यांत त्याचा खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मांस चढते. मग तो विचारतो, ‘‘आता बरे वाटते आहे, तर आणखी चार महिने गोळ्या कशाला?’’ प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तराची वाट जीवाणूच्या घरातून जाते. त्या वाटेवर ही जोडी भेटते.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जीवाणू घ्या. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या दोन भागांएवढी त्याची लांबी. खायला-प्यायला भरपूर मिळाले, तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. त्याच्या संसाराचा सगळा मजकूर, म्हणजे त्याची जनुके, डीएनएच्या एका मोठ्या वेटोळ्यावर लिहिलेली असतात. पण काही जीवाणूंजवळ याखेरीज डीएनएची लहानशी, वेगळी कडीही असतात. मुख्य वेटोळ्याबाहेरच्या अशा वारशाला जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५२ मध्ये ‘प्लास्मिड’ हे नाव दिले. प्लास्मिड हा जीवाणूच्या घरातला भाडेकरू आहे. घराशिवाय भाडेकरूचे चालत नाही. घराचे मात्र भाडेकरूशिवाय सहसा चालते.

हा भाडेकरू किती महत्त्वाचा, हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानने जगाला दाखवले. तिथे आमांशाची साथ होती. आधी सल्फा औषधे वापरली गेली. ती लागू पडेनाशी झाली, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन अशी प्रतिजैविके आली. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या चारही औषधांना एकदम न जुमानणारे जीवाणू रुग्णांत सापडू लागले. १९५९ च्या सुमारास ओचिआई आणि आकिबा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ही ताकद एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी परक्या जातीच्या जीवाणूकडेही, हातोहात जाऊ शकते. ती ताकद प्लास्मिडवर लिहिलेली होती.

आता एक व्यवहारी प्रश्न. औषधाचा मारा चालू असताना असा भाडेकरू उपयोगाचा, हे समजते. पण औषध बंद झाल्यावर जीवाणूने हे ओझे का वाहावे? प्रत्येक विभाजनात त्या कड्याची नक्कल करायची म्हणजे खर्च आला. शिवाय काही प्लास्मिडांच्या एका पेशीत एक-दोनच प्रती असतात. ई. कोलायमधला एफ नावाचा प्लास्मिड असाच आहे. एकाचे दोन होताना कधीतरी एका लेकीच्या वाट्याला तो येणार नाही. ती लेक हलकी, चपळ, बिनभाड्याची. चार-सहाशे पिढ्यांत तिचाच वंश वाढून प्लास्मिड नाहीसा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो चिवटपणे टिकून राहतो.

याचे उत्तर पुन्हा जपानमधूनच आले. १९८३ मध्ये तेरू ओगुरा आणि सोता हिरागा यांनी एफ प्लास्मिडवरच्या एका लहान तुकड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या तुकड्यावर दोन जनुके शेजारी शेजारी होती. त्यांना आधी वाटले, की प्लास्मिडची नक्कल तयार होईपर्यंत ही जनुके जीवाणूचे विभाजन थोपवून धरतात. म्हणून त्यांना ‘सी-सी-डी’ असे नाव मिळाले. ‘कपल्ड सेल डिव्हिजन’, म्हणजे पेशीच्या विभाजनाशी बांधलेले, असा त्याचा अर्थ. दोन वर्षांत, १९८५ मध्ये, चित्र पालटले. विभाजन थांबत नव्हतेच. ज्या लेकीला प्लास्मिड मिळाला नाही, तिची वाढ खुंटत होती आणि ती मरत होती. मग त्याच तीन अक्षरांचा अर्थ ‘कंट्रोल ऑफ सेल डेथ’, म्हणजे पेशीच्या मृत्यूचे नियंत्रण, असा सांगितला जाऊ लागला. अक्षरे तीच राहिली, अर्थ बदलला. या जोडीच्या इतिहासात असे पुन्हा पुन्हा होणार होते.

ती लेक का मरते, हे आता नीट माहीत आहे. दोन जनुकांपैकी एक विषाचे प्रथिन तयार करते, दुसरे उताऱ्याचे. आईच्या पेशीत दोन्ही प्रथिने एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे विष निरुपद्रवी राहते. विभाजनाच्या वेळी हा जोडीचा साठा दोन्ही लेकींना मिळतो. पण विष लोणच्यासारखे टिकाऊ आणि उतारा दुधासारखा नाशिवंत. जीवाणूच्या पेशीत लॉन नावाचे एक एन्झाइम आहे. नको असलेली प्रथिने कुरतडणे हे त्याचे काम. ते उताऱ्याला सतत कुरतडत असते, हे ब्रसेल्सच्या लॉरेन्स फान मेल्डेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले. विषाला ते हात लावत नाही. दूध रोज ताजे हवे, तर गोठ्यात गाय हवी. इथे गाय म्हणजे प्लास्मिड. ज्या लेकीच्या गोठ्यात गाय आली नाही, तिच्याकडचा उतारा संपत जातो आणि वारशात मिळालेले विष मोकळे होते.

१९८६ मध्ये डेन्मार्कच्या केन गेर्डेस यांनी सहकाऱ्यांसह आर-१ नावाच्या प्लास्मिडवर अशीच आणखी एक जोडी दाखवली. आर-१ हा तर औषधांना दाद न देण्याची ताकद वाहून नेणाराच प्लास्मिड. तिथे विष प्रथिनाचे होते, पण उतारा प्रथिनाचा नव्हता. आरएनएची एक छोटी पट्टी विषाच्या मसुद्याला चिकटून त्याचे वाचन बंद पाडत होती. मसुदा टिकाऊ, पट्टी अल्पायुषी. साहित्य वेगळे, पण हिशेब तोच. एका जपानी आणि एका डॅनिश प्रयोगशाळेत वेगवेगळ्या प्लास्मिडांवर एकच हिशेब सापडला, तेव्हा ही एखाददुसरी गंमत नसून जीवाणूंच्या जगातली रीत आहे, हे ध्यानात येऊ लागले.

ही रीत आपल्या आरोग्याशी थेट भिडते. एखादे प्रतिजैविक वापरणे थांबवले, की त्याला न जुमानणारे जीवाणू आपोआप ओसरतील, अशी आशा आपण बाळगतो. काही ठिकाणी ते प्रमाण घटतेही. पण प्रतिकाराचे जनुक ज्या प्लास्मिडवर बसले आहे, त्याच प्लास्मिडवर विष-उताऱ्याची जोडी असेल, तर जीवाणूला त्या भाडेकरूला बाहेर काढणे परवडत नाही. काढणारा मरतो. इंग्रजीत शास्त्रज्ञ याला व्यसन म्हणतात. ज्याला दारूची सवय जडली, तो मजेसाठी पीत नाही, न प्यायल्यास हाल होतात म्हणून पितो. त्याच अर्थाने.

आता हे विष करते तरी काय? डीएनए हा दुपेडी दोर आहे. त्याची नक्कल करताना पेड उलगडावे लागतात आणि पुढच्या भागात पीळ साचत जातो. विहिरीच्या दोराला गाठी पडतात, तसेच. हा पीळ काढायला जीवाणूजवळ गायरेज नावाचे एन्झाइम असते. ते दोर कापते, कापलेल्या फटीतून दुसरा भाग ओढून घेते आणि दोर पुन्हा सांधते. ब्रसेल्सच्या फिलिप बर्नार आणि मार्तिन कुतुरिए यांनी १९९२ मध्ये दाखवले, की एफ प्लास्मिडचे विष नेमके या गायरेजला धरते. दोर कापलेला आहे, अजून सांधलेला नाही, अशा क्षणी. कापलेला दोर तसाच राहतो आणि जीवाणू मरतो. तापाला, लघवीच्या संसर्गाला डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून देतात, ती गोळीही गायरेजला जवळपास अशाच क्षणी अडवते. दोघांची पकडण्याची जागा वेगळी, पण परिणाम एकच.

विषाचे हे प्रथिन १०१ अमिनो आम्लांचे आहे. उतारा त्याहून लहान, ७२ अमिनो आम्लांचा. दोघेही जोडीजोडीने राहतात. १९९९ मध्ये विषाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून त्याचा आकार पाहण्यात आला. तो सुबक, घट्ट, बांधीव निघाला. उताऱ्याचे तसे नाही. त्याचा पुढचा अर्धा भाग व्यवस्थित घडी घातलेला आहे, तो डीएनएवर जाऊन बसतो. मागचा अर्धा भाग म्हणजे नुसते सैल शेपूट. त्याला स्वतःचा असा आकारच नाही. म्हणून तर लॉन एन्झाइम त्याला सहज कुरतडते. पण हेच शेपूट विषाभोवती गुंडाळले, की त्याला आकार येतो. २००९ मध्ये ब्रसेल्सच्याच शास्त्रज्ञांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. विषाने गायरेजला धरलेले असतानाही हे शेपूट मागून येऊन विषाला बिलगते, त्याचा आकार किंचित बदलते आणि गायरेजवरची त्याची पकड सोडवते. म्हणजे हा उतारा नुसता विषाला आधीच अडवत नाही, विषबाधा झाल्यावर सोडवणूकही करतो. आकार नसणे हे दुबळेपण वाटते, पण या प्रथिनाचे निम्मे सामर्थ्य त्या सैलपणात आहे.

या विषावर आपल्या देशातही मोठे काम झाले आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवन वरदराजन यांच्या प्रयोगशाळेने या विषातली अमिनो आम्ले एकेक करून बदलली. अशी हजाराहून अधिक रूपे तयार करून त्यांतले कोणते मारते आणि कोणते मारत नाही, हे तपासले. प्रथिन आपला आकार कसा धरून ठेवते, हे शिकण्यासाठी तो एक उत्तम धडा ठरला. जगभरच्या प्रयोगशाळांत हेच विष पहारेकरी म्हणूनही राबते. प्लास्मिडमध्ये बाहेरचे जनुक बसवायचे असेल, तर आधी तिथे विषाचे जनुक ठेवतात. नवे जनुक नीट बसले, की विषाचे जनुक बाजूला होते. बसले नाही, तर तो जीवाणू मरतो. मेहनत न घेता निवड होते.

यानंतरचा प्रश्न नियमनाचा. घरात विष ठेवायचे, तर उताऱ्याचे माप कोण सांभाळणार? हे काम जोडी स्वतःच करते. उतारा डीएनएवर बसतो असे मी म्हणालो. तो बसतो ती जागा स्वतःच्याच जनुकांच्या तोंडाशी असते. तिथे तो विषाला बरोबर घेऊन बसला, की दोन्ही जनुकांचे वाचन बंद होते. आता असे समजा, की उताऱ्याला दोन हात आहेत आणि विषालाही दोन हात आहेत. दोघांची संख्या जुळती असेल, तर उतारा, विष, उतारा, विष अशी लांब साखळी होते. ती डीएनएला लपेटून बसते आणि दार बंद राहते. पण उतारा कमी झाला आणि विष वाढले, तर प्रत्येक उताऱ्याचे दोन्ही हात दोन वेगवेगळी विषे पकडतात. तिघांतिघांचे सुटे घोळके होतात. साखळी तुटते, दार उघडते आणि ताजा उतारा तयार होऊ लागतो. दोन्ही जनुके एकदमच उघडतात, पण उतारा जास्त प्रमाणात तयार होतो, त्यामुळे तोल सावरतो. या रीतीचा उलगडा २००८ मध्ये एका जोडीत आणि २०१० मध्ये दुसऱ्या जोडीत तपशिलाने झाला. पेशीबाहेरचा कोणी निरीक्षक नाही, मोजणारा कारकून नाही. तरी माप चुकत नाही.

इथवरची गोष्ट भाडेकरूची झाली. पण अशा जोड्या जीवाणूच्या मुख्य वेटोळ्यावरही सापडल्या, तेव्हा सगळेच बुचकळ्यात पडले. घरमालकाने स्वतःच्या घरात स्वतःच्याच विरुद्ध विष का ठेवावे? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात १९८० च्या दशकात ई. कोलायच्या एका जनुकाशेजारी काही अनोळखी जनुके सापडली. त्यांचे काम काय, हे कोणालाच सांगता येईना. म्हणून त्यांना नाव दिले ‘माझ’. हिब्रूत ‘मा झे’ म्हणजे ‘हे काय?’

हाच तो शब्द, ज्यामुळे मी या विषयात शिरलो. लहानपणी मकतबात अरबी अक्षरे गिरवली, त्यामुळे ‘मा हाजा’ माझ्या कानावर होते. त्याचाही अर्थ ‘हे काय?’ असाच. हिब्रू आणि अरबी या बहिणीच. पण ‘मा झे’ ही अक्षरे देवनागरीत जोडून लिहिली आणि मराठी माणसाने वाचली, की होते ‘माझे’. एका भाषेत प्रश्न, दुसऱ्या भाषेत मालकीहक्क. आणि या जोडीबाबत दोन्ही खरे. हे विष काय आहे, असा प्रश्न शास्त्रज्ञाचा. ते माझे आहे, हे उत्तर जीवाणूचे.

१९९६ मध्ये याच विद्यापीठातल्या हाना एंगेलबर्ग-कुल्का, गाद ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी कल्पना मांडली. अन्न संपले, की वसाहतीतले काही जीवाणू या विषाने मरण पत्करतात आणि उरलेल्यांना जगवतात. आत्मबलिदानाची ही कल्पना कोणालाही आवडावी अशीच होती. पण काही वर्षांतच डेन्मार्कच्या प्रयोगांत दिसले, की विष मोकळे सोडल्यावर जीवाणू थांबतात, पण लगेच मरत नाहीत. उतारा पुन्हा दिला, तर पुष्कळसे पुन्हा वाढू लागतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मासायोरी इनोऊये यांच्या प्रयोगशाळेने विषाचे काम शोधले. जनुकातला निरोप प्रथिनाच्या कारखान्यापर्यंत नेणारा जो आरएनए असतो, त्यात ठरावीक तीन अक्षरे आली, की हे विष तिथे कात्री चालवते. निरोप फाटला, की कारखाना बंद. त्याच वर्षी या जोडीची रचनाही दिसली. विषाच्या दोन जोड्या आणि त्यांच्या मध्ये उताऱ्याची एक जोडी, असे सहा जणांचे ते कुटुंब आहे. मृत्यूची कल्पना वादात सापडली आणि तिच्या जागी झोपेची कल्पना पुढे आली.

झोपेचा धागा मात्र त्याहून जुना आहे. १९४४ मध्ये डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी पूमय फोड करणाऱ्या जीवाणूंवर पेनिसिलिनचा मारा केला. सगळे मेले असे वाटले, पण दहा लाखांत एखादा वाचला. त्या वाचलेल्याची प्रजा वाढवून तिच्यावर पुन्हा पेनिसिलिन टाकले, तर ती पूर्वीसारखीच मेली. म्हणजे वाचलेला औषधाला पुरून उरणारा पहिलवान नव्हता. तो फक्त निजलेला होता. पेनिसिलिन वाढणाऱ्या जीवाणूला मारते, निजलेल्याला नाही. बिगर यांनी अशांना ‘पर्सिस्टर’ म्हटले. आपण तगून राहिलेले म्हणू. १९८३ मध्ये, म्हणजे ओगुरा-हिरागा यांच्याच वर्षी, हॅरिस मॉयेड आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा तगणाऱ्यांची संख्या कैक पटींनी वाढवणारे एक जनुक शोधले. पुढे कळले, की तेही एका जोडीतले विषच होते.

धागे जुळले असे वाटू लागले. २०११ मध्ये गेर्डेस यांच्या प्रयोगशाळेने ई. कोलायमधल्या दहा जोड्या एकामागून एक काढून टाकल्या आणि तगणाऱ्यांची संख्या खूप घटल्याचे प्रसिद्ध केले. जगभर पाठ्यपुस्तकी पद्धतीने सांगितले जाऊ लागले, की विष-उताऱ्याची जोडी म्हणजे झोपेची किल्ली. पण २०१७ मध्ये त्याच प्रयोगशाळेने वेगळीच गोष्ट उघड केली. जोड्या काढलेल्या त्या जीवाणूंत फाय-८० नावाचा एक विषाणू गुपचूप शिरून दडून बसला होता. प्रयोगशाळांत चोरपावलांनी पसरण्याबद्दल हा विषाणू कुप्रसिद्धच आहे. औषध दिले, की तो जागा होऊन जीवाणूला आतून फोडत होता. तगणारे कमी झाले, ते जोड्या नव्हत्या म्हणून नव्हे. ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी दहा जोड्या नसलेला जीवाणू नव्याने बनवला, तेव्हा तगणाऱ्यांच्या संख्येत फरक दिसला नाही. २०१८ मध्ये २०११ चा तो निबंध आणि त्यावर बेतलेला २०१३ चा निबंध, दोन्ही मागे घेतले गेले.

मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. सिद्धान्त गाजलेला, त्यावर उभे राहिलेले काम मोठे. तरी ज्यांच्या घरात दोष निघाला, त्यांनीच तो जगापुढे मांडला. मॉयेड यांचे जनुक अजून आपल्या जागी उभे आहे. २०१५ मध्ये लघवीच्या संसर्गाच्या रुग्णांतल्या जीवाणूंतही त्याचे तगवणारे रूप आढळले. पण एका जोडीवरून सगळ्या जोड्यांचा कायदा करता येत नाही, एवढे त्यातून पक्के झाले.

मग मुख्य वेटोळ्यावरच्या या जोड्या असतात कशासाठी? अलीकडे एक उत्तर जोर धरते आहे आणि गंमत म्हणजे तेही विषाणूभोवतीच फिरते. जीवाणूंनाही विषाणू गाठतात. २००९ मध्ये बटाटा सडवणाऱ्या एका जीवाणूत अशी जोडी सापडली, जी विषाणू शिरताच विष मोकळे करते. लागण झालेला जीवाणू स्वतःसकट कारखाना बंद करतो, विषाणूची प्रजा तयार होत नाही आणि शेजारचे भाईबंद वाचतात. २०२२ मध्ये तर अशी जोडी दिसली, जिच्यात विष आणि उतारा एकाच प्रथिनाचे दोन भाग आहेत. विषाणूचे कवच ज्या प्रथिनाचे बनते, तेच येऊन उताऱ्याच्या भागाला चिकटते आणि विष सुटते. चोराचा अंगरखाच घंटेला अडकतो म्हणा ना. म्हणजे १९९६ मध्ये मांडलेली बलिदानाची कल्पना वेगळ्या दाराने पुन्हा आत आली. तेव्हा ती उपासमारीशी जोडलेली होती, आता ती लागणीशी जोडली गेली.

आता क्षयरोग्याच्या प्रश्नाकडे येऊ. साध्या क्षयावरचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या दोन महिन्यांत वाढणारे बहुतेक जीवाणू मरतात, म्हणून खोकला थांबतो. उरतात ते संथ, निजल्यासारखे. त्यांना गाठायला पुढचे चार महिने लागतात. क्षयाच्या जीवाणूत विष-उताऱ्याच्या ऐंशीच्या आसपास जोड्या मोजल्या गेल्या आहेत. त्याचाच चुलतभाऊ असलेल्या कुष्ठरोगाच्या जीवाणूत, जो दुसऱ्याच्या शरीराबाहेर वाढूच शकत नाही, त्या जवळजवळ उरलेल्या नाहीत. इतक्या जोड्या असल्या, तर क्षयाच्या जीवाणूची झोप त्यांच्याचमुळे असणार, असे म्हणायचा मोह होतो. पण २०१८ च्या धड्यानंतर ती उडी घेता येत नाही. काही जोड्या ताणाच्या वेळी जाग्या होतात, एवढे प्रयोगांत दिसते. झोपेची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकणारा पुरावा अजून नाही. झोप मात्र खरी आहे. बिगर यांनी ती १९४४ मध्येच पाहिली होती. त्यामुळे गोळ्यांचा हिशेब बदलत नाही. बरे वाटणे म्हणजे जागे असलेले शत्रू संपणे. निजलेल्यांसाठी पुढचे चार महिने असतात. हे उत्तर मी आता वस्तीतल्या माणसाला देऊ शकतो आणि ते त्याला पटते.

या इतिहासातून माझ्यासारख्या शब्दांच्या माणसाने काय घ्यावे? ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर पायरीपायरीने पक्के होत गेले. कोण कोणाला धरतो, शेपूट कुठे गुंडाळते, दार केव्हा उघडते, हे अणूंच्या मापात दिसले आणि टिकले. ‘कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर मात्र चारदा बदलले. आधी विभाजन, मग भाडेकरूची दादागिरी, मग मृत्यू, मग झोप. आणि आता पहारा. प्रत्येक वेळी गोष्ट आकर्षक होती. आकर्षक होती, म्हणूनच ती तपासून पाहणारे लोक लागले.

आपल्या रोजच्या व्यवहाराला यातून दोन गोष्टी मिळतात. प्रतिजैविक उगाच घेऊ नये, कारण एकदा घरात घुसलेला भाडेकरू आपण औषध थांबवले म्हणून निघून जाईलच असे नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेला क्षयाचा उपचार मध्येच सोडू नये, कारण काही जीवाणू निजलेले असतात. पहिल्या गोष्टीमागे विष-उताऱ्याच्या जोडीचा हात आहे, हे नक्की. दुसऱ्या गोष्टीत तिचा हात किती, हे तपासणे चालू आहे. जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी आपल्या जनुकाला ‘हे काय?’ असे नाव दिले, ते अजूनही बदललेले नाही. बदलू नये असेच मला वाटते.